भिंतीतला पिंपळ, तबकातला पिंपळ

खानदेशातल्या कुठल्याही जुन्या गढीची, विहिरीची नाही तर देवळाची भिंत एकदा नीट पाहा. चुन्याच्या सांध्यातून एखादा पिंपळ किंवा वड डोके बाहेर काढून उभा असतोच. त्याला तिथे कोणी लावलेला नसतो, कोणी पाणी घातलेले नसते. पाखराने फळ खाल्ले, भिंतीवर बसून शीट टाकली, त्यातले मोहरीहून बारीक बी फटीत पडले आणि पहिल्या पावसाला रुजले. एवढीच त्याची जन्मकथा.

पण हे रोप तिथे वाढते केव्हा, हा प्रश्न इतिहासाचा आहे. नांदत्या वाड्याच्या भिंतीत पिंपळ वाढत नाही. दिवाळीच्या आधी भिंत सारवताना, चुना देताना घरातले कोणीतरी ते बोटभर रोप उपटून टाकते. माणूस गेला, चुना थांबला, की पिंपळ येतो. म्हणून ओस पडलेल्या वास्तूवरचे झाड पाहिले की त्या घराचा हात केव्हा सुटला याचा अंदाज बांधता येतो.

शिरपूर तालुक्यात तापीच्या काठी थाळनेर आहे. खानदेशच्या फारुकी घराण्याचे मूळ ठाणे तेच. १३७० साली फिरोजशहा तुघलकाने मलिक राजाला हा मुलूख दिला. १३९९ साली तो वारला आणि त्याची कबर थाळनेरलाच झाली. पुढे १८१८ च्या फेब्रुवारीत सर थॉमस हिस्लॉपची इंग्रज फौज या किल्ल्यावर आली. होळकरांनी तहात ठाणे देऊ केले होते, पण किल्ल्यातल्या लोकांनी सहजी दार उघडले नाही. दरवाजात गोंधळ होऊन इंग्रजांचे दोन अधिकारी मारले गेले. त्याचा सूड म्हणून आतले बहुतेक सगळे कापले गेले आणि किल्लेदार तुळशीराम मामा यांना फाशी दिले गेले. त्या दिवसापासून त्या तटावर चुन्याचे थापणे उचलणारा हात उरला नाही. अशाच जागी झाडे येतात. लळिंगचा डोंगरी किल्ला घ्या, पारोळ्याचा भुईकोट घ्या, नाही तर तुमच्या गावची पडकी वेस घ्या. गोष्ट सगळीकडे हीच आहे.

आता त्या भिंतीतल्या झाडाकडे जरा जवळून पाहा. ते दहा वर्षांचे असेल, पण उंची गुडघ्याएवढी. खोड मात्र मनगटासारखे, गाठीगाठींचे, म्हाताऱ्या माणसाच्या हातासारखे. पाने लहान. असे का होते? फटीत माती मूठभर, पाणी चार महिने. मुळाला हातपाय पसरायला जागा नाही, म्हणून वर फांदीलाही पसरता येत नाही. झाडाची मुळे आणि डोलारा यांचा हिशेब एकमेकांशी बांधलेला असतो. खाली जेवढी मिळकत तेवढाच वर खर्च. पण एक दिवस त्यातले एखादे मूळ भिंतीच्या पोटातून उतरत उतरत खालच्या मातीला पोचते. मग झाड सुटते. दोन-तीन पावसाळ्यांत ते पुरुषभर उंच होते, मूळ जाड होते आणि ज्या भिंतीने त्याला सांभाळले तिचेच चिरे ते सुटे करते.

सातपुड्याच्या पायथ्याला, चोपडा-यावलकडच्या माळावर, दुसरा नमुना सापडेल. शेळ्यांनी वर्षानुवर्षे कुरतडलेली बोर. उंची हातभर, पण बुंधा जाड आणि फांद्या इतक्या दाट की आतून उजेड दिसत नाही. शेळी रोज शेंडा खाते आणि शेंडा गेला की खालचे डोळे फुटतात. हीदेखील छाटणीच, फक्त कात्रीच्या जागी शेळीचे दात.

वाचकहो, माणसाने लहान झाडाची कला कुठून शिकली, याचे उत्तर या दोन झाडांत आहे. एक भिंतीतले, दुसरे शेळीने खाल्लेले. पहिल्याकडून मुळाचा धडा घेतला, दुसऱ्याकडून शेंड्याचा. या कलेला आज सारे जग बोन्साय म्हणते. शब्द जपानी आहे. त्याचा साधा अर्थ तबकातली लागवड. आपल्याकडे काही जण त्याला वामनवृक्ष म्हणतात, आणि तो शब्दही छान आहे. वामन लहान होता, पण खुजा नव्हता, हे आपल्याला ठाऊकच आहे.

झाडाला केव्हा हात लावावा, केव्हा लावू नये, याचा विचार आपल्या देशात फार जुना आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदावर एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यात तो रोपे हलवण्याचे काळ सांगतो. ज्या रोपाला अजून फांद्या फुटल्या नाहीत ते शिशिरात हलवावे, फांद्या फुटलेले हेमंतात आणि चांगले खोड धरलेले पावसाच्या तोंडाला. आजारी झाडासाठी तो म्हणतो, आधी हत्याराने खराब भाग साफ करावा, मग वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप द्यावा आणि दूध-पाण्याचे शिंपण करावे. आज आपण लिंबाच्या छाटलेल्या फांदीला बोर्डो मलम लावतो. औषध बदलले, विचार तोच. कापायचे तर जखम आपली मानायची.

वराहमिहिर बागेतल्या झाडांविषयी बोलतो. तबकातल्या झाडाचे जुने चित्र सापडते ते चीनमध्ये. तांग घराण्यातल्या झांगहुआय नावाच्या राजपुत्राची कबर ७०६ सालची आहे. तिच्या भिंतीवर एक सेवक रंगवला आहे आणि त्याच्या हातात दगड नि लहान रोपे मांडलेले तबक आहे. तिथून ही आवड बौद्ध भिक्षूंच्या, व्यापाऱ्यांच्या हातून जपानात गेली. १३०९ सालच्या एका जपानी चित्रगुंडाळीत तबकांतली झाडे दिसतात. जपानी माळ्यांनी पुढे त्याचे शास्त्र केले. कोणती फांदी ठेवायची, कोणती काढायची, मूळ केव्हा कापायचे, याचे ठोकताळे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बसवले.

१ सप्टेंबर १९२३ ला टोकियोत मोठा भूकंप झाला आणि त्यामागून आगी लागल्या. शहरातले बोन्साय करणारे माळी उघड्यावर आले. त्यांतल्या काहींनी शहराच्या उत्तरेला ओमिया इथे मोकळी जागा आणि स्वच्छ पाणी पाहून १९२५ साली नवी वस्ती केली. ती आजही बोन्सायचे गाव म्हणून ओळखली जाते. घर जळाल्यावर माणसे भांडीकुंडी उचलतात. या लोकांनी त्याबरोबर झाडे उचलली.

दुसरी गोष्ट हिरोशिमाची. यामाकी नावाच्या घराण्याकडे पांढऱ्या पाइनचे एक झाड होते. त्याची जोपासना १६२५ पासूनची. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधीपासूनची. ६ ऑगस्ट १९४५ ला अणुबाँब पडला तेव्हा हे झाड स्फोटाच्या जागेपासून सुमारे तीन किलोमीटरवर, आवाराच्या भिंतीच्या आड उभे होते. घराच्या काचा फुटून आतल्या माणसांना लागल्या, झाड मात्र वाचले. पुढे १९७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षे झाली, तेव्हा जपानने भेट दिलेल्या झाडांत मासारू यामाकी यांनी हेही दिले. ज्या देशाने बाँब टाकला त्याच देशाला. आणि देताना त्या दिवसाविषयी एक अक्षरही बोलले नाहीत. २००१ मध्ये त्यांचे नातू वॉशिंग्टनला झाड पाहायला गेले, तेव्हा कुठे तिथल्या लोकांना ही हकिगत कळली.

या गोष्टीतली एक बाब ध्यानात घ्या. १६२५ पासून आजपर्यंत त्या झाडाला रोज पाणी घालायला कोणीतरी होते. एक दिवस नव्हे, एक माणूस नव्हे, सलग चारशे वर्षे. तबकातल्या झाडाचे मूळ जमिनीला कधीच लागत नाही, म्हणून त्याला माणसाचाच आधार. असे झाड कोण्या एकट्याचे नसते. एकाने दुसऱ्याच्या स्वाधीन केले, दुसऱ्याने तिसऱ्याच्या, तर ते जगते.

महाराष्ट्रातही ही कला आता रुजली आहे. पुण्यात सिंहगड रस्त्यावर ओकायामा शहराच्या मैत्रीतून जपानी धाटणीची बाग झाली, ती २००६ साली खुली झाली. फेब्रुवारी २०१८ मध्ये प्राजक्ता काळे यांच्या पुढाकाराने पुण्यात बोन्सायचे मोठे प्रदर्शन भरले आणि देशोदेशीचे जाणकार तिथे आले. शहरांतून वर्ग चालतात, पुस्तके मिळतात.

पण इथेच खानदेशातल्या माणसाने थोडे थांबावे. पुस्तके पुष्कळदा थंड मुलखात लिहिलेली असतात. त्यांत लिहिलेले असते की हिवाळा सरला, वसंत आला, की मुळे छाटा आणि झाड नव्या तबकात घाला. जळगाव-भुसावळला वसंत संपतो न संपतो तोच पारा चाळिशी ओलांडतो आणि वैशाखात पंचेचाळीसच्या वर जातो. नुकती मुळे कापलेले झाड अशा उन्हात ठेवले तर ते आठ दिवसांत वाळते. दोष झाडाचा नाही, पंचांगाचा आहे. आपले झाड आपल्याच पंचांगाने वाढवले पाहिजे. आणि ते पंचांग आपल्या शेतकऱ्याला तोंडपाठ आहे. आखाजी, मृग, पोळा, दिवाळी, संक्रांत. एवढे पाच खुंट पुरेत.

तेव्हा भिंतीतला एक बोटभर जाडीचा पिंपळ किंवा वड घ्या आणि त्याची पाच वर्षे माझ्याबरोबर मोजा.

पहिले वर्ष. मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले, भिंत भिजली, की रोप काढायला सोपे जाते. ओढू नका. बारीक सळईने फटीतला चुना मोकळा करा आणि मुळासकट सोडवा. वडाचे मूळ तुटले तरी फार बिघडत नाही, कारण पावसाळ्यात त्याची फांदीही मूळ धरते. पिंपळ त्या बाबतीत जरा हट्टी आहे, त्याची मुळे जपावी लागतात. खाली सरळ जाणारे मूळ थोडके कापा, बाजूची तंतुमुळे ठेवा. वरचा शेंडा आणि निम्मी पाने काढा, म्हणजे खालच्या थोड्या मुळांवर भार पडणार नाही. कापल्याबरोबर पांढरा चीक वाहील. ओल्या फडक्याने टिपून घ्या.

आता माती. आपली काळी जमीन कापसाला सोन्यासारखी, पण कुंडीत ती कामाची नाही. पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि मुळांचा श्वास कोंडते. तिच्याऐवजी विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे दोन वाटे, गिरणेची किंवा पांझरेची भरड वाळू एक वाटा आणि पुरते कुजलेले शेणखत एक वाटा घ्या. बूड भोकांचा पसरट डबा किंवा लाकडी खोके चालते. तबकाची घाई नको. डबा पंधरा-वीस दिवस सावलीत ठेवा. पोळ्यापर्यंत नवी पाने आली की ऊन दाखवा. दिवाळीपर्यंत कात्री लावू नका.

हिवाळ्यात खानदेशातली थंडीही काही कमी नसते. झाड थांबते, तुम्हीही थांबा. माघ-फाल्गुनात पिंपळ पाने गाळतो. मुले घाबरतात, झाड मेले म्हणतात. मेलेले नसते. चैत्राच्या सुमाराला तांबूस कोवळी पालवी येते. मग येतो खरा परीक्षेचा काळ. आखाजीपासून मृगापर्यंत फक्त एकच काम, झाड जगवायचे. सकाळ-संध्याकाळ पाणी, दुपारी कडुनिंबाची सावली. डबा पत्र्यावर किंवा फरशीवर ठेवू नका, वाळूत निम्मा पुरा. या दिवसांत कापाकापी बिलकूल नको.

दुसरे वर्ष. इथे बहुतेकांचा गैरसमज होतो. लोकांना वाटते, लहान झाड हवे तर ते सारखे कापत राहावे. उलट आहे. झाडाचे खोड जाड होते ते पानांनी केलेल्या अन्नाने. पाने कापत राहिलात तर खोड काडीसारखेच राहील. म्हणून दुसऱ्या वर्षी झाड मोकळे सोडा. वाटेल तेवढे वर जाऊ द्या. फक्त आठवड्याला डबा थोडा फिरवा, म्हणजे ऊन सर्व बाजूंना लागेल, आणि पाऊसभर महिन्याला थोडी पेंड द्या. हे वर्ष काहीही न करण्याचे आहे, आणि म्हणूनच ते अवघड आहे.

तिसरे वर्ष. मृग लागला, झाड जोरात आहे, खोड अंगठ्याहून जाड झाले आहे. आता मोठा घाव. खोड बुडापासून एक-तृतीयांश उंचीवर, एखाद्या डोळ्याच्या किंचित वर, तिरपे कापा. धीर लागतो. पण कापल्यावर काय होते ते पाहा. शेंड्याचा कोंब खालच्या डोळ्यांना दाबून ठेवत असतो. तिथे तयार होणारा एक रस खाली उतरत राहतो आणि खालच्यांना फुटू देत नाही. शेंडा गेला की तो धाक सरतो आणि चार-सहा डोळे एकदम जागे होतात. हे नवल नाही, तुम्हाला ते शेतात माहीत आहे. कपाशीचा शेंडा खुडला की फांद्या धरतात, तुरीचा शेंडा खुडला की तूर पसरते. शास्त्र तेच, फक्त शेत तबकाएवढे.

फुटलेल्या कोंबांपैकी एक वरचा निवडा, तो नवा शेंडा. बाजूचे दोन-तीन ठेवा, त्या पुढच्या फांद्या. बाकीचे काढा. रावेर-यावलचा केळीवाला काय करतो? बुंध्याभोवती पिले उगवतात, ती वेळच्या वेळी विळ्याने कापतो, कारण सगळी ठेवली तर घड भरत नाही. लिंबू-मोसंबीवाला सरळसोट वर धावणारा पाणसोट काढून टाकतो. निवडणे म्हणजेच छाटणे. ज्याला सगळेच हवे त्याला काहीच मिळत नाही.

आणि एक नियम कायमचा लिहून ठेवा. एका हंगामात एकच मोठी जखम. ज्या वर्षी खोड कापले त्या वर्षी मुळे कापू नका. ज्या वर्षी मुळे कापाल त्या वर्षी वरचे हलके घ्या.

चौथे वर्ष. आता आकार. भिंतीतला पिंपळ आठवा. एका बाजूने झुकलेला, उजेडाकडे गेलेला. तसे वळण द्यायचे असेल तर मऊ तांब्याची किंवा अ‍ॅल्युमिनियमची तार फांदीला तिरपी गुंडाळा आणि हळू वाकवा. पावसाळ्यात वडा-पिंपळाची फांदी झपाट्याने जाड होते, म्हणून तार दर आठवड्याला तपासा. ती सालीत रुतायच्या आत कापून काढा, उलगडत बसू नका. रुतलेल्या तारेची खूण पुष्कळ वर्षे जात नाही. वर एकमेकांवर चढलेल्या फांद्या, आत वळलेल्या फांद्या, एकाच जागेतून फुटलेल्या जोडफांद्या काढा.

पाचवे वर्ष. मृगाच्या पावसात झाड डब्यातून काढा. मुळांचा पेंडका मोकळा करा आणि सुमारे एक-तृतीयांश मुळे, विशेषतः जाड नि खाली जाणारी, कापून टाका. तंतुमुळे ठेवा. आता पसरट तबकात, त्याच विटांच्या मिश्रणात, झाड बसवा. खोडाचे बूड आणि वरची मुळे थोडी उघडी राहू द्या. पुन्हा पंधरा-वीस दिवस सावली. पुढे दर दोन वर्षांनी हेच करायचे. झाड ठणठणीत झाले की एखाद्या पावसाळ्यात, ज्या वर्षी मुळे कापलेली नाहीत त्या वर्षी, सगळी पाने देठ ठेवून खुडा. नवी येतात ती लहान येतात. वडाला हे चांगले मानवते. पिंपळाचे पान मुळात मोठे, ते फार लहान होत नाही. ज्याला बारीक पान हवे त्याने चिंच घ्यावी. वाढ सावकाश, पण पान नेमके, आणि खानदेशचे ऊन तिला पिढीजात माहीत.

पाच वर्षे मोजली. आता एक प्रश्न, जो सुजाण माणूस विचारल्याशिवाय राहत नाही. हे झाडावर अत्याचार नाहीत का? आकाशाला जाणारे झाड आम्ही ताटलीत कोंडायचे? मराठी बोलण्यात ‘अमक्याचा बोन्साय केला’ असे कुत्सितपणे म्हणतातही, म्हणजे वाढू दिले नाही.

या प्रश्नाला टाळू नये. उपाशी ठेवून, तहानेले ठेवून झाड खुरटवणे हा क्रूरपणाच आहे, आणि तसे झाड फार जगतही नाही. पण वर जे सांगितले त्यात उपासमार कुठेच नाही. चांगले खत आहे, वेळचे पाणी आहे, दोन हंगामांची विश्रांती आहे. निरोगी नसलेल्या झाडाला कात्री लावायची नाही, हा तर पहिला नियम. चारशे वर्षांचा पाइन उपाशी राहून चारशे वर्षांचा होत नाही. क्रूरपणा कशात आहे ते मी सांगतो. हौसेने झाड कापायचे आणि मे महिन्यात सुट्टीला गावी निघून जायचे, यात आहे. ज्याच्याने वैशाखातले दोन वेळचे पाणी होणार नाही, त्याने ही कला हाती घेऊ नये. त्याने तेच रोप गावाबाहेर मोकळ्या जमिनीत लावावे. ते जास्त पुण्याचे होईल.

आणि हेही स्पष्ट असावे की तबकातला पिंपळ पारावरच्या पिंपळाची जागा घेत नाही. त्याखाली बैल बसत नाही, पंचायत भरत नाही. पण भिंतीतल्या पिंपळाचे काय करायचे, हा आपल्या गावांपुढचा खरा पेच आहे. ठेवला तर भिंत जाते, तोडायला हात धजत नाही, कारण पिंपळ तोडू नये असे आपण मानतो. मग कोणीच काही करत नाही, आणि दहा पावसाळ्यांत देवळाची भिंत फुगून पडते. नुसता वरून कापला तर खालून पुन्हा फुटतो. कोवळेपणीच मुळासकट सोडवून कुंडीत नेला तर भिंतही राहते आणि झाडही राहते. मात्र जिथे पुरातत्त्व खात्याची पाटी असेल तिथल्या दगडाला आणि झाडाला आपण होऊन हात लावायचा नाही. खात्याला पत्र लिहायचे. मोठे, मूळ रुतलेले झाड ओढून काढणेही धोक्याचे. त्याबरोबर चिरे येतात आणि माणूस जखमी होतो.

शेवटी शिक्षक मित्रांना एक सुचवावेसे वाटते. पाचवीच्या वर्गाने मृगात एक रोप आणावे, गावातल्याच एखाद्या भिंतीतले. ते रोप कुठल्या भिंतीत होते, ती भिंत कोणाची, ती ओस कशी पडली, हे मुलांनी गावातल्या जाणत्या आजोबा-आजींना विचारून एका वहीत लिहावे. तो गावाचा इतिहासच झाला. मग त्याच वहीत झाडाची नोंद ठेवावी. पाणी कोणी घातले, केव्हा छाटले, किती कोंब फुटले, केव्हा पाने गळली. उन्हाळ्याच्या सुट्टीत पाण्याच्या पाळ्या लावाव्या, आणि ज्या मुलाचे घर शाळेजवळ आहे त्याच्याकडे जबाबदारी द्यावी. दहावीला जाईपर्यंत झाड तबकात बसलेले असेल. निरोप समारंभाच्या दिवशी त्या वर्गाने झाड आणि वही दोन्ही नव्या पाचवीच्या हाती द्यावी.

शिक्षकांच्या बदल्या होतात, मुले शिकून जातात, शाळेची इमारतही बदलते. वही आणि पाण्याचा तांब्या मात्र एका हातातून दुसऱ्या हातात गेला पाहिजे. ओस पडलेल्या भिंतीतून आलेल्या झाडाला पुन्हा माणसांचा हात मिळाला, इतके झाले तरी पुरे. यंदाच्या मृगाआधी गावातल्या भिंती एकदा पाहून ठेवा. विटांचे तुकडे आणि वाळू आजच जमवायला लागा.